उजव्या हातानं लिहिलेलं पत्र

प्रिय तुला,

परवा तुझे फोनवर फोन आले, मी एकही उचलला नाही, तेव्हा तू अपरात्री थेट माझ्या नवऱ्यालाच उठवलंस. तो अंधारात चष्मा चाचपडत "झोपलीय ती, बरी आहे" म्हणत होता आणि तू ग्लासगोहून "तिच्या तोंडाचा कोपरा बघा, दोन्ही हात वर करायला सांगा" असे हुकूम सोडत होतीस. तुला सांगते, त्यानं खरंच टॉर्च आणून माझं तोंड न्याहाळलं. मी जागी झाले ती त्या उजेडानं. आधी तुम्हा दोघांचा राग आला आणि मग कितीतरी वेळ तुमच्यावरच्या मायेनं झोप लागेना.

झालं असं की दुपारी तुला आवाजी निरोप पाठवत होते. आपल्या त्या प्रॅक्टिकलच्या बाईंची गोष्ट सांगता सांगता उजव्या करंगळीत मुंग्या आल्या. मी बोलत राहिले, आणि शेवटची वाक्यं तुला ऐकू आली ती कुठल्याच भाषेतली नव्हती. तू घाबरलीस हे बरोबरच केलंस. आता हात ठीक आहे, अक्षर बघतेच आहेस. हे पत्र मी लांबलचक लिहिणार आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

माझ्या आजाराचं नाव हेमिप्लेजिक मायग्रेन. डोकं दुखायच्या आधी किंवा दुखता दुखता अंगाची एक बाजू लुळी पडते. डेन्मार्कमध्ये मोजणी झाली तेव्हा दहा हजारांत साधारण एकाला हा आजार निघाला. म्हणजे आपल्या सगळ्या कॉलेजात मिळून एखादीलाही नसायचा. मायग्रेन म्हटलं की लोकांना कपाळाला बाम लावलेली बाई दिसते. माझ्या बाबतीत आधी हातातला खडू पडतो. फळ्यावर लिहिताना खडू पडला तर मुलं उचलून देतात. दुसऱ्यांदा पडला की पहिल्या बाकावरची मुलगी न सांगता स्टाफरूमकडे पळते. तिला कुणी शिकवलेलं नाही. ती बघून शिकली.

आणि हे सगळं सावकाश होतं, तेच तुला नीट सांगायचंय. आपण पावसाळ्यात घाटावर बसून कृष्णेचं पाणी पायरी-पायरीनं चढताना बघायचो ना, तसं. आधी करंगळी, मग तळहात, मग कोपरापर्यंत. तिथून ते दंड-खांदा सोडून गालावर येतं, ओठावर आणि जिभेच्या अर्ध्या भागावर. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या वरच्या थरात हात आणि चेहरा यांच्या जागा शेजारी-शेजारी आहेत, आणि त्या थरावरून एक लाट सरकत जाते, मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर. वीस मिनिटांत सहा सेंटीमीटर. जिथून ती जाते तिथल्या पेशी आधी उसळतात, मग काही वेळ गप्प होतात. उसळतात तेव्हा मुंग्या येतात, डोळ्यांपुढे चमक दिसते. गप्प झाल्या की हात उचलत नाही.

तुला ही गोष्ट आवडेल. कार्ल लॅशली नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना स्वतःला डोळ्यांपुढे असे चमकते आकार दिसायचे. ते थोड्या-थोड्या वेळानं कागदावर काढत गेले आणि १९४१ साली त्यांनी हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगानं जातंय. तीन वर्षांनी, १९४४ साली, ब्राझीलच्या अरिस्तिदिस लेआव यांनी हार्वर्डमध्ये सशाच्या मेंदूवर तशाच संथ लाटेचं वर्णन केलं. एक जण स्वतःचं दुखणं मोजतोय, दुसरा प्रयोगशाळेत ससे तपासतोय, आणि उत्तर एकच. माझ्या हातातून जाणारं ते माझ्या आधी कुणीतरी मोजून ठेवलंय, या गोष्टीचा मला फार आधार वाटतो. का, ते सांगता येत नाही. तू समजून घे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मात्र हे काही माहीत नव्हतं. नवऱ्यानं शेजारच्यांची गाडी काढून मला दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झालं, मग एमआरआय. गुठळी नाही, रक्तस्राव नाही. मला सगळं ऐकू येत होतं, समजतही होतं, शब्द तेवढे तोंडापर्यंत पोचत नव्हते. तिथल्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट चाळून "बाईंना टेन्शन आहे" असं माझ्या नवऱ्याला सांगितलं. माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. अगं, तुझी तेव्हा इतकी आठवण आली. तू असतीस तर त्यांना तिथंच विचारलं असतंस, की टेन्शननं जिभेचा उजवाच अर्धा भाग कसा काय बधिर होतो?

नंतर मिरजेला न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल. तुला अण्णा आठवतात ना, शाळेतून घरी आले की कधीकधी माजघरात अंधार करून पडायचे, आणि आपण दोघी पायऱ्यांवर पत्ते खेळत असलो की आई दबक्या आवाजात दटावायची? त्या दिवसांत त्यांचा डावा हात लुळा असायचा. आजी म्हणायची, अंगावरून वारं गेलं. तेल चोळलं जायचं, अंगारा लावला जायचा, आणि एक-दोन दिवसांत हात परत यायचा, म्हणजे अंगारा लागू पडला. अण्णांनी आयुष्यभर हे कुणापुढे बोलून दाखवलं नाही. नोकरी जाईल अशी भीती असणार. डॉक्टरांनी विचारल्यावर मला एकदम ते माजघर दिसलं आणि रडू आलं. त्यांच्या दुखण्याचं खरं नाव त्यांना कधीच कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

घराण्यात चालत येणाऱ्या या प्रकाराचे तीन मुख्य जनुक सापडलेत. पहिला १९९६ साली, पुढचे दोन २००३ आणि २००५ साली. तिन्ही जनुकांचं काम पेशीत क्षार आत-बाहेर नेणाऱ्या वाटांशी जोडलेलं आहे, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम. तिथं बिघाड असला की पेशी लवकर उसळतात. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. पुढचं लिहायला नको, तुला कळलं असेल. लेक यंदा दहावीत आहे. अभ्यास करताना तिनं डोळे चोळले की माझं काळीज हलतं. ती ओळखते आणि म्हणते, "आई, मला नुसती झोप आलीय." तिच्यापुढे मी अण्णांसारखी गप्प राहणार नाही, एवढं ठरवलंय. तिला सगळं ठाऊक आहे, अण्णांचं माजघरसुद्धा.

आता जरा हस. गेल्या खेपेला मला पाणी हवं होतं आणि तोंडातून निघालं "पंचांग". पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "पंचांग". सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी उठल्या, देवघरातून पंचांग आणलं, चष्मा लावला आणि माझ्या उशाशी बसून तिथी, नक्षत्र, योग, करण सगळं वाचून दाखवलं. मी हातानं पेल्याची खूण करतेय आणि त्या विचारताहेत, "चतुर्थी का? ती परवा आहे गं." लेक घरी आली तेव्हा कुठं पाणी मिळालं. आता तिनं फ्रीजवर चित्रांचा कागद लावलाय: पाणी, अंधार, उलटी, गोळी, बाबा. मी बोट ठेवायचं. सासूबाईंच्या आग्रहावरून त्यात एक देव्हाराही काढलाय.

आणि त्याच सासूबाईंनी काय केलं ऐक. उपाशी राहिलं की माझं दुखणं हमखास उसळतं. संकष्टीला चंद्रोदय उशिरा, तोवर पोट रिकामं. मी उपास सोडायचा म्हटल्यावर घरात काय होईल, या काळजीत होते. त्या म्हणाल्या, "तू वेळेवर जेव, तुझी संकष्टी मी धरते." त्यांची स्वतःची होतीच, आता गणपतीपुढे दोघींचं नाव घेतात. पूर्वी अटॅक आला की त्या मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढायच्या, आणि त्या जळत्या मिरच्यांच्या खाटानं माझा जीव जायचा. एकदा हात जोडून सांगितलं, तर आता मिरच्या वगळून काढतात. दृष्ट मात्र काढतातच.

बाहेर सगळे असे नसतात. बाजारात चालताना पाय ओढायला लागला, जीभ जड झाली, की लोक काय समजतात ते त्यांच्या नजरेत दिसतं. एकदा रिक्षावाल्यानं मला घ्यायलाच नकार दिला. पण मारुती रोडवर माझी एक भाजीवाली मावशी आहे. तिनं मला टोपल्यांमागं बसवलं, डोक्यावर ओलं पोतं धरलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय बघताय?" म्हणून हाकललं. तिला मायग्रेन हा शब्द माहीत नाही. गरजही नाही तिला त्याची.

तू २०११ मध्ये मला ती बातमी पाठवली होतीस, आठवते? लॉस एंजेलिसची वार्ताहर, सेरीन ब्रॅन्सन. ग्रॅमी पुरस्कारांचं थेट वार्तांकन करताना तिचे शब्द विस्कटले. जगानं ती चित्रफीत आधी हसण्यावारी नेली, मग सगळ्यांना पक्षाघात वाटला, आणि शेवटी निदान झालं ते ऑरासहित, म्हणजे अशा मुंग्या-चमक येणाऱ्या, मायग्रेनचं. तिनं पुढे सांगितलं, की काय बोलायचंय ते माहीत होतं, शब्द तेवढे येत नव्हते. तेव्हा आपल्यालाही ती कुणा दुसऱ्याची गोष्ट वाटली होती.

आता तुझी खरी शंका. पक्षाघात आणि हे, फरक ओळखायचा कसा? पक्षाघात बहुधा एकदम येतो, हात एका क्षणात जातो. माझं चढत येतं, आणि आधी मुंग्या किंवा चमक असते. पण डॉक्टरांनी बजावलंय, की हा फरक घरी बसून निकाल द्यायला वापरायचा नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून मुंग्या सुरू झाल्या की घरातलं कुणीही आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवतं. नेहमीची वाट सोडून काही घडलं, एकदम घडलं, दुसऱ्या बाजूला घडलं, तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना. पर्समध्ये मराठी-इंग्रजी कार्ड आहे: आजाराचं नाव, रात्रीची फ्लुनारिझिन, आणि मला द्यायची नाहीत ती औषधं. त्यात ट्रिप्टान आणि अर्गोटामिन ठळक अक्षरांत आहेत, कारण ती रक्तवाहिन्या आकसवतात. एका औषधवाल्यानं मायग्रेन शब्द ऐकताच चिठ्ठी न मागता अर्गोटामिनची पट्टी पुढं केली होती. म्हणून ते कार्ड.

आता माझी पाळी, आणि तू मधे बोलायचं नाहीस. हॉस्टेलमध्ये परीक्षेच्या आधी तुला चमकत्या नागमोडी रेघा दिसायच्या. वनस्पतिशास्त्राच्या जर्नलच्या मागं तू त्या काढून दाखवल्या होत्यास, कोनाकोनांच्या, कडेला रंगीत. मला आता पुस्तकात ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरांनी १८७० मध्ये काढलेली स्वतःची तशीच चित्रं सापडली, आणि ती बघताना मला तुझं जर्नलच दिसत होतं. बये, त्या रेघा म्हणजे ऑरा. तुला अजून दिसतात, गेल्या दिवाळीत तूच बोलता बोलता म्हणालीस, आणि "त्यात काय, अर्ध्या तासात जातात" म्हणून विषय उडवलास. ऑरा असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असतो. मुळात तो लहान असतो, घाबरू नकोस. पण सिगारेट आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी तो वाढतो. ऑरा असेल तर त्या गोळ्या घेऊच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तू गोळ्या घेतेस हे तूच सांगितलंयस. थंडीच्या निमित्तानं अंगणात जाऊन काय ओढतेस, ते तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय. त्याच्यावर रागावू नकोस.

तुला त्या रेघा दिसतात हे तू तुझ्या डॉक्टरला आजवर सांगितलेलं नाहीस. या आठवड्यात वेळ घे, जर्नलमधलं चित्र पुन्हा काढ, तो कागद घेऊन जा, गोळ्यांचं नाव सांग आणि बदलून दुसरं काय घ्यायचं ते विचार. मग मला भेटीची तारीख कळव. नाही कळवलीस, तर अपरात्री तुझ्या नवऱ्याला फोन येईल.

तुझीच,
मी