दार्जिलिंग: मळा, कारखाना आणि प्रवासी

चहाच्या मळ्याला भेट देणे म्हणजे एका चालू कारखान्याला भेट देणे होय, ही साधी गोष्ट प्रवासवर्णनांतून क्वचितच सांगितली जाते. दार्जिलिंग, मुन्नार किंवा जोरहाट येथे जाणारा प्रवासी उतारावर पसरलेली हिरवी झुडपे पाहतो, त्यांत उभा राहून छायाचित्र काढून घेतो, वाटेतल्या दुकानातून पाव किलो पत्ती विकत घेतो आणि परततो. परंतु ती सगळी झुडपे कमरेइतक्याच उंचीची का, पान कोणत्या हंगामात खुडले, खुडल्यावर रात्रभरात त्याचे काय झाले आणि ते खुडणाऱ्या स्त्रीला दिवसाचे किती मिळाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याबरोबर घरी येत नाही. दिवाळी अंकासाठी चहाच्या मळ्यांवर लेख मागवला जातो, तेव्हाही धुके, वळणाचे रस्ते आणि हिरवाई एवढीच अपेक्षा बहुधा असते. प्रस्तुत लेखात मळ्याकडे चहा बनवणाऱ्याच्या आणि चहा पारखणाऱ्याच्या बाजूने पाहिले असून उदाहरणादाखल दार्जिलिंग घेतले आहे.

चहाची वनस्पती एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. तिच्या दोन मुख्य प्रकारांना मळ्यांच्या व्यवहारात 'चायना जात' आणि 'आसाम जात' म्हणतात. पहिलीचे पान लहान, जाडसर आणि थंडी सोसणारे असते, तर दुसरीचे रुंद, लवकर वाढणारे आणि उष्ण सखल प्रदेशाला मानवणारे असते. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४१ मध्ये दार्जिलिंगला चहाची लागवड करून पाहिली, १८५० नंतरच्या दशकात तेथे व्यापारी मळे उभे राहिले, आणि १८८१ मध्ये डोंगरी रेल्वे सुरू झाल्यावर माल मैदानात उतरवणे सोपे झाले. आज दार्जिलिंगच्या नावाने चहा विकण्याचा अधिकार असलेले ८७ मळे आहेत. काळा चहा आणि हिरवा चहा वेगवेगळ्या झाडांपासून मिळतो, हा समज शहरांतून अजूनही पक्का आहे; वस्तुतः एकाच झुडपाच्या एकाच फांदीवरच्या पानांपासून दोन्ही करता येतात, आणि फरक पडतो तो केवळ कारखान्यात.

मोकळे सोडले तर चहाचे झुडूप झुडूप राहत नाही, त्याचे झाड होते. ठरावीक वर्षांनी केलेली छाटणी आणि हंगामभर चालणारी खुडणी यांमुळे त्याचा माथा कमरेच्या उंचीवर सपाट राखला जातो. शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून नवे कोंभ फुटतात, आणि त्या कोंभांवरच सारा व्यवसाय उभा आहे. दोन कोवळी पाने आणि त्यांमधली न उमललेली कळी हा खुडणीचा प्रमाणभूत नमुना. प्रवासी हे सूत्र पाठ करून जातात, पण वाढ थांबलेला आणि टोकाला कळी न धरणारा कोंभ त्यांना कोणी दाखवत नाही. त्याला मळ्यात 'बांझी' म्हणतात. मराठी वाचकाला 'वांझ' या शब्दावरून त्याचा अर्थ सहज उमगेल. खुडणाऱ्या स्त्रिया दोन्ही हात माथ्यावरून फिरवत, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कोंभ धरून तो मोडतात, नखाने कापत नाहीत, आणि मूठ भरली की लगेच पाठीवरच्या 'डोको' नावाच्या बांबूच्या टोपलीत टाकतात. टोपलीचा पट्टा कपाळावर असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. मूठ लवकर रिकामी करण्यामागे घाईपेक्षा वेगळे कारण आहे: हातात दाबले गेलेले पान तेथेच लालसर होऊ लागते, आणि कारखान्यात जी क्रिया ठरल्या वेळी घडायची ती उतारावरच सुरू होते. एकाच भागातली खुडणी साधारण आठवड्याने पुन्हा येते. फेरी लांबली तर पान जून होते.

दार्जिलिंगला केव्हा जावे याचे उत्तर हवामानापेक्षा झुडपाकडे विचारावे. हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, ते सुप्त असते आणि त्या काळात छाटणी होते. नाताळच्या सुटीत गेलेल्या प्रवाशाला कांचनजंगा स्वच्छ दिसते, चहा मात्र दिसत नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा पहिल्या बहराचा काळ असून त्याचा चहा फिकट, फुलांच्या वासाचा आणि किंचित तुरट असतो. मे-जून हा दुसरा बहर. त्या वेळी महाराष्ट्रातल्या शाळांना सुटी असल्याने मराठी प्रवाशांची गर्दी नेमकी तेव्हाच असते, पण आपण वर्षातल्या सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण चहाच्या दिवसांत येथे आलो आहोत हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. या बहरातल्या उत्तम चहाला मस्कट द्राक्षाची आठवण करून देणारा वास येतो. त्याच्या घडणीत हिरव्या तुडतुड्यांचा आणि फुलकिड्यांचा वाटा असतो: कीड रस शोषू लागली की पान बचावासाठी काही सुगंधी संयुगे तयार करते आणि ती पुढे चहात उतरतात. आंब्यावरच्या तुडतुड्यांमुळे हैराण झालेल्या कोकणातल्या बागायतदाराला हे चमत्कारिक वाटेल, परंतु मर्यादित प्रमाणातली ही कीड दार्जिलिंगच्या चहाला उपकारक ठरते. पावसाळ्यातला चहा भरपूर आणि गडद, पण वासाने सामान्य. दिवाळीच्या आगेमागे येणारा शरदातला चहा तांबूस, गोल आणि सौम्य असतो.

कारखान्यात शिरल्यावर पहिली पायरी दिसते ती कोमेजवण्याची. जाळीच्या लांब वाफ्यांवर पान पसरून खालून पंख्याने हवा सोडतात आणि ते साधारण १२ ते १८ तास तसेच राहते. ताज्या पानात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, ते कमी होऊन पान कापडासारखे लवचीक होते. मग पितळी पृष्ठभागाच्या गोल यंत्रात ते दाबून वळले जाते. त्यानंतर ओल्या, थंड खोलीत पातळ थर देऊन ते ठेवतात, आणि येथेच मार्गदर्शक हमखास 'फर्मेंटेशन' हा शब्द उच्चारतो, ज्याचे मराठीत 'आंबवणे' असे भाषांतर होते.

हे भाषांतर चुकीचे आहे आणि मूळ शब्दही चुकीचा आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चहाविषयीच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ या एका शब्दात आहे. आंबवणे म्हणजे सूक्ष्मजीवांचे काम. इडलीचे पीठ आंबते, आंबील आंबते, ताडी आंबते. तेथे जिवाणू किंवा यीस्ट असतात आणि त्यांना अन्न, ऊब व वेळ द्यावा लागतो. वळलेल्या चहाच्या पानात घडते ते निराळे. पानाच्या पेशीत कॅटेचिन नावाची तुरट, रंगहीन द्रव्ये एका कप्प्यात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे क्रियेला वेग देणारे प्रथिन, दुसऱ्या कप्प्यात असते. वळण्याने पेशी फुटून दोन्ही एकत्र येतात, हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो आणि कॅटेचिनपासून थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही रंगद्रव्ये तयार होतात. पहिल्यामुळे चहाला सोनेरी चमक आणि जिभेवरचा तरतरीतपणा येतो, दुसऱ्यामुळे तांबडा रंग आणि भरीवपणा. चिरून ठेवलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते ते याच जातीच्या क्रियेने, आणि वांगे आंबले असे कोणतीही गृहिणी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात ही क्रिया सूक्ष्मजीवांची असावी असा समज होता, तेव्हा हा शब्द रुजला. विकराचा शोध लागूनही तो कारखान्यांच्या नोंदवह्यांतून गेला नाही. खरा आंबवलेला चहा जगात आहे, चीनच्या युन्नान प्रांतातला पू-अर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण; तोच शब्द दार्जिलिंगच्या चहाला लावला तर दोन वेगळ्या वस्तूंमधला भेदच पुसला जातो. मराठीत यासाठी 'ऑक्सिडीकरण' हा शास्त्रातला शब्द आहेच, आणि बोलण्यात 'पान लाल होऊ देणे' असे म्हटले तरी ते अधिक खरे ठरेल.

या वादाला आणखी एक पदर आहे. पहिल्या बहराचे पान दार्जिलिंगमध्ये इतके कडक कोमेजवतात की त्याचे वजन निम्म्याहून कमी उरते. पाणीच न उरल्याने विकराचे काम अर्ध्यावर थांबते आणि तयार चहात हिरवी पाने स्पष्ट दिसतात. व्यापारात तरीही त्याला काळा चहा म्हणतात. त्याला हिरवा चहा म्हणता येत नाही, कारण हिरव्या चहात पान सुरुवातीलाच वाफेने किंवा तव्यावर तापवून विकर निष्प्रभ केलेले असते. पूर्ण काळा म्हणणेही पानाच्या रंगाशी विसंगत आहे. पारखणाऱ्यांमध्ये यावर एकमत नाही. प्रस्तुत लेखाचे मत असे की, या चहाला ऋतूच्या नावाने ओळखावे, रंगाच्या नावाने नव्हे. शेवटी गरम हवेच्या यंत्रात पान वाळवून त्यातले पाणी सुमारे तीन टक्क्यांवर आणले की सारी क्रिया थांबते. चार किलोंहून थोडे अधिक ओले पान गेले म्हणजे एक किलो चहा हाती येतो.

चहा पारखण्याच्या खोलीत प्रवाशाला प्रवेश मिळाला तर त्याने तेथे घाई करू नये. पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या पेल्यांची ओळ मांडलेली असते. आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे, असे माप आहे. वेळ झाली की रस वाडग्यात ओततात आणि भिजलेले पान उलट्या झाकणावर काढून ठेवतात. अनुभवी पारखी रसाआधी या पानाकडे पाहतो, कारण तांब्याच्या नव्या भांड्यासारखा रंग असेल तर कारखान्यात वेळ बरोबर साधली गेली, आणि मळकट तपकिरी असेल तर पान लाल होण्यासाठी गरजेपेक्षा अधिक काळ राहिले, हे त्यावरून कळते. मग चमच्याने रस जोरात ओढून घेतात, म्हणजे तो हवेबरोबर नाकाच्या मागच्या बाजूस पोहोचतो, आणि थुंकून टाकतात. या आवाजाचे पाहुण्यांना हसू येते. परंतु चवीचा मोठा भाग नाकात असतो आणि तो असाच गाठता येतो.

महाराष्ट्रातल्या घरी आणि अमृततुल्याच्या दुकानात उकळला जाणारा चहा बहुतांशी सीटीसी पद्धतीचा असतो. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गोळीदार करण्याची ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली आणि दूध, साखर, आले यांना पुरून उरणारा दाणेदार चहा तिच्यामुळे स्वस्त झाला. तो कमी दर्जाचा आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल; त्याचे काम निराळे आहे. मात्र दार्जिलिंगचा चहा दुधात उकळून 'यात दम नाही' असा निकाल देणे, हा त्या पानावर दुहेरी अन्याय आहे. तो कोरा, तीन-चार मिनिटे मुरवून प्यावा.

याच्यापुढचा विषय चहाच्या जाणकारांना अस्वस्थ करणारा आहे. एके काळी वर्षाला एक कोटी किलोहून अधिक निघणारा दार्जिलिंगचा चहा अलीकडे साठ लाख किलोंच्या आसपास आला आहे. झुडपे म्हातारी झाली आहेत, पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे, आणि २०१७ मधल्या १०४ दिवसांच्या बंदने दुसऱ्या बहरापासून पुढचा हंगाम बुडवला. २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मळ्यांतली रोजची मजुरी २५० रुपये झाली. खुडणारी कुटुंबे बहुतेक नेपाळी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या मळ्यातल्या 'लाइनी'त, म्हणजे कामगारवस्तीत, राहणारी आहेत. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने घर, दवाखाना आणि पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली, पण घराचा हक्क घरातल्या कोणाच्या तरी नोकरीशी बांधलेला राहिला. तरुण मुले शहरांकडे निघून जात आहेत.

अशा स्थितीत पर्यटन हा तारणहार मानला जातो. राज्याच्या २०१९ च्या धोरणाने मळ्याच्या एकूण जमिनीच्या १५ टक्क्यांपर्यंत, कमाल १५० एकर, पडीक जमीन पर्यटनासाठी वापरण्याची मुभा दिली. पाहुण्यांच्या भाड्यातून मळा तगला तर ते हवेच. पण चहापेक्षा खोल्यांतून अधिक मिळू लागले तर म्हाताऱ्या झुडपांची पुनर्लागवड कोण करील? नवे झुडूप पूर्ण उत्पन्नावर येण्यास काही वर्षे लागतात आणि खोली पहिल्याच मोसमात भरते. चहाचे पर्यटन वाढावे असे सांगणाऱ्या जाणकाराने ही शंका लपवून ठेवणे योग्य नाही. प्रवाशाच्या हातात एवढे निश्चित आहे की, मुक्काम निवडताना त्या मळ्यात खुडणी आणि कारखाना चालू आहे का, हे त्याने आधी विचारावे. खुडणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिला विचारावे, आणि ओळींमध्ये शिरून तिची फेरी अडवू नये, कारण तिचे दिवसाचे वजन मोजले जाते.

राहिला दिवसाचा प्रश्न. रविवारी खुडणीला सुटी असते, म्हणून सोमवारी सकाळी वाफ्यांवर कोमेजलेले पान नसते आणि वळण्याची यंत्रे उभी असतात. कारखाना चालू पाहायचा असेल तर मंगळवार ते शनिवार यांपैकी दिवस धरावा आणि सकाळी लवकर पोहोचावे. दुपारपर्यंत त्या दिवसाचे पान वाळून झालेले असते.