स्तनाचा कॅन्सर पसरला असेल तर काय खायचं, किती चालायचं?

कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक भेटायला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, काय काय बंद करायचं?" काय सुरू करायचं, हे क्वचितच कोणी विचारतं. स्तनाचा कॅन्सर हाडं, फुप्फुस किंवा यकृतापर्यंत पसरला आहे असं कळलं, की घरचे मायेपोटीच पेशंटचं ताट रिकामं करतात आणि तिला खाटेवर बसवून ठेवतात.

या टप्प्यावर आजार बहुधा मुळापासून बरा होत नाही. पण औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, अनेकींच्या बाबतीत काही वर्षं. आमच्याकडचे पेशंट उपचारांसाठी बांबोळीला नाहीतर परळला जातात. दोन फेऱ्यांच्या मधले सगळे दिवस मात्र घरातच जातात, आणि ताकद टिकते किंवा जाते ती तिथेच.

धामापूरजवळच्या एका वाडीतल्या काकींचं उदाहरण सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). आजार कमरेच्या हाडात, रोज हार्मोनची गोळी चालू. मुलानं मोबाइलवर वाचून साखर, दूध, मासे, भात सगळं बंद केलं. सकाळी गव्हांकुरांचा रस, दुपारी उकडलेली भाजी, रात्री पेज. तीन महिन्यांत वजन 52 किलोवरून 45 वर आलं. घरच्यांना वाटलं आजार वाढला. स्कॅन केला, तर आजार होता तेवढाच होता. वजन गेलं ते उपासमारीनं, आणि त्याबरोबर मांड्यांचे स्नायूही गेले. मला म्हणाल्या, "डॉक्टर, माका कोणच कायच करूक देनत नाय."

साखर तोडली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही. खाण्यातून ग्लुकोज मिळालं नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ते तयार करतं. (मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य पाळायचंच, पण ते मधुमेहासाठी.) अशा पेशंटला रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण विचारून ठरवा. तोंड आलेलं असताना, मळमळत असताना उकड्या तांदळाच्या पेजेसारखं दुसरं काही नाही, हे मी मालवणी माणूस म्हणून छातीठोकपणे सांगेन. पण नुसत्या पेजेवर प्रथिनांचा हिशेब जमत नाही. सोबत अंडं हवं (एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम), बांगडा, कुळथाची पिठी, मुगाची आमटी, दही हवं. पापलेटच पाहिजे असं मुळीच नाही, तारलीसुद्धा उत्तम. भूक नसेल तर दर दोन तासांनी चार घास खा. उलट, हार्मोनच्या गोळ्यांवर काहींचं वजन वाढतं, त्यांनी तूप-खोबऱ्याचा मारा करू नये.

बंद करण्यासारखं थोडंच आहे. पॅल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब चालू असेल तर ग्रेपफ्रूट नको, आणि त्याचं भावंड असलेलं पपनसही नको, मग ते गणपतीच्या माटवीचं का असेना. या फळांमुळे औषध पचवणारं एन्झाइम अडतं आणि रक्तात औषध जास्त साठतं. पांढऱ्या पेशी कमी असताना कालवं, तिसऱ्या नीट शिजवूनच खा. काढे चालू असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आता हालचाल. युरोपातले पाच देश आणि ऑस्ट्रेलियात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 357 पेशंटवर एक अभ्यास झाला, तो 2024 मध्ये छापून आला. नऊ महिने, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम. व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. व्यायामानं आयुष्य वाढतं असा दावा मी करणार नाही. पण या पेशंटना सर्वांत जास्त छळतो तो थकवाच, आणि तो विश्रांतीनं जात नाही.

हाडांत आजार असेल तर आधी स्कॅन दाखवून काय चालेल ते विचारा. काकींना आम्ही खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठण्यापासून सुरुवात करायला सांगितली. मग खळ्यात फेऱ्या, नंतर संध्याकाळी तळ्याकडे सपाटीवर पंधरा मिनिटं, सोबत कोणीतरी. कळशी उचलणं, वाकून खळं झाडणं, नारळ सोलणं, कमरेत पिळा देणारी आसनं बंद. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवर तर पाय ठेवायचाच नाही, पडलं तर दुबळं हाड मोडतं. आता वजन 48 आहे. सोलकढी स्वतः करतात, जड टोप दुसरं कोणी उचलतं. गोळी चालूच आहे.

ताप असेल, धाप लागत असेल, त्या दिवशी व्यायाम नको. किमो चालू असताना ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवा. पाठीत नवं दुखणं सुरू झालं, पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिश करत रात्र काढू नका. मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.