ग्रामसभा, कोरम आणि आमची पाणंद

आज फवारणीचं काही नाही, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेचं लिहितोय.

आमची पाणंद गावनकाशात आहे, दोन तुटक रेषा स्पष्ट दिसतात. जाग्यावर मात्र दोन्हीकडच्या बांधांनी ती खाल्लीय. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. मळणीयंत्र आत जात नाही म्हणून मागच्या साली एका भावाची सोयाबीनची गंज चार दिवस भिजली, शेंगेतच कोंब आले. विषय पहिल्यांदा काढला तो बायांनी, आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेत. त्या शिवारात खुरपायला यायला मजूर बाया जादा रोज मागतात, हे हिशोबासकट सांगितलं.

आता कोरमचं. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. आमचे मतदार अकराशेच्या वर, म्हणजे 100 माणूस पाहिजे. एरवी चाळीस जमतात, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग मारुतीच्या देवळात वीस जण बसून गावाचा पैसा कुठं जायचा ते ठरवतात. नाहीतर रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. दोन्ही सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. यावेळी पोरांनी फोन लावून लावून माणसं आणली. 100 च्या वर भरली.

भांडण झालंच. ज्याच्या बांधाला पाणंद लागून आहे तो म्हणाला, वीस वर्षांपूर्वी पाइपलाइन टाकलीय, ती कोण भरून देणार? त्याचंही खोटं नव्हतं. ठरलं असं की आधी मोजणी, पाइपलाइन हलवायचा खर्च लोकवर्गणीतून, आणि हद्दीच्या खुणा निघाल्यावर कोणी कुरकुर करायची नाही. एकानं वित्त आयोगाचा निधी वापरा म्हणून आवाज चढवला. पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) 60 टक्के पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, तो रस्त्याला वळवता येत नव्हता. हे माहीत असतं तर अर्धा तास वाचला असता.

एक गोष्ट लक्षात ठेवा, इथं लय जण फसतात. चालू वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली जायचं, तेही अडवल्यापासून सहा महिन्यांत. रस्ताच नाही, बांधावरून नवीन पाहिजे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. अर्ज भलत्याच कलमाखाली गेला की वर्ष वाया, वर वकिलाची फी.

उठायच्या आधी आम्ही ग्रामसेवकांना ठराव तिथंच लिहायला लावला आणि मोठ्यानं वाचायला लावला. "पाणंद दुरुस्तीबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलं होतं. चर्चा नाही, ठराव झालाय, असं चार जणांनी म्हटल्यावर दुरुस्त झालं. सूचक, अनुमोदक नावानिशी आले. वहीतलं ते पान मोबाइलवर काढून ठेवलंय.

मोजणीचा अर्ज आठवड्यात जाईल. तारीख काढणीनंतरचीच मिळेल असं दिसतंय. म्हणून पलीकडच्या शिवारातल्या भावांनो, या हंगामाला रस्ता धरू नका. ताडपत्र्या आत्ताच आणून ठेवा आणि गंज उंचवट्यावर लावा.