आवाज घरचा, हिशोब चोख

व्यापारी घरात नवी वस्तू येण्याआधी दोन प्रश्न आपोआप पुढे येतात : गरज किती आणि किंमत किती? जालना, परतूर, अंबड, भोकरदनच्या जैन घरांतून आता एक नवीच गरज डोके वर काढू लागली आहे. आजीला मुखोद्गत असलेली, कोणत्याही पुस्तकात न सापडणारी जुनी मारवाडी स्तवने तिच्याच आवाजात जपून ठेवावीत, अशी ती गरज. सुनेचा गळा गोड, नातू संगणकात तरबेज. तेव्हा घरातल्याच एका खोलीचा स्टुडिओ का करू नये? मात्र ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, या प्रश्नाशी पाऊल अडते.

आधी गरज मोजावी. आजीचा एकच आवाज टिपायचा असेल, तर एक पैसाही खर्चावा लागत नाही. २००० साली आलेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते. त्याला खोलीतील शांततेचे काही क्षण ऐकवले, की त्यातली सततची घरघर ओळखून ते ती बरीच कमी करते. घरात अ‍ॅपलचा संगणक किंवा फोन असेल, तर ‘गॅरेजबँड’ही मोफत मिळते.

पेटी, तबला, मुख्य गायिका आणि समूहस्वर वेगवेगळे घेऊन नंतर एकत्र जुळवायचे असतील, तेव्हा ‘रीपर’चा विचार करावा. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडा वर आहे. घरगुती वापराला तो पुरतो. व्यवसायासाठी वापर असेल आणि वार्षिक उलाढाल २०,००० डॉलरच्या वर असेल, तर २२५ डॉलर भरावे लागतात. आधी ६० दिवस ते वापरून पाहता येते. गंमत अशी, की ६० दिवस उलटल्यावरही ते बंद पडत नाही; केवळ परवाना घेण्याची आठवण करून देते. बाकी सारे घेणाऱ्याच्या सचोटीवर सोडलेले असते.

खरी कसोटी येथेच लागते. महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत कुणी तरी पेन ड्राइव्हवर फुकट आणून देतो. ‘सगळेच वापरतात’ हे त्याचे समर्थन. जालना हे बियाण्यांचे गाव. बोगस बियाण्याची पिशवी बाहेरून अस्सलसारखीच दिसते आणि फसगत पेरणीनंतर कळते, हे येथील व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अशा प्रतीबरोबर व्हायरस येऊ शकतो. तोच संगणक दुकानाच्या कामाचा असला, तर वर्षभराचा जमाखर्च आणि जीएसटीची सारी कागदपत्रे संकटात सापडतात.

नुकसान झाले नाही तरी प्रश्न उरतोच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरून आणलेला माल घेणे हा त्यांपैकी एक. खोटी वजने-मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नकली माल देणे हेही त्यांतच येतात. तराजूच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ही मर्यादा संगणकासमोर बसताच सैल का व्हावी? ज्या स्तवनात व्रताचा महिमा गायचा, तेच चोरीच्या साधनावर टिपायचे, हा व्यवहार कोणत्याही वहीत जुळणारा नाही.

वाचलेला पैसा माइककडे वळवावा, कारण मूळ आवाज नीट टिपला गेला नाही, तर महागडे सॉफ्टवेअरही त्यात प्राण ओतू शकत नाही. खोलीत जाड पडदे, गाद्या आणि रजया असल्या, की आवाज घुमत नाही. मोंढ्यातील वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहाटे, पंखा बंद करून ध्वनिमुद्रण करावे. मूळ फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. एमपी-थ्रीमध्ये आवाजाचा काही अंश कायमचा गळतो. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी, जशी महत्त्वाच्या दस्तऐवजाची असते.

सॉफ्टवेअरची निवड पुढेही बदलता येईल. वयोवृद्ध कंठ मात्र थांबत नाही. म्हणून पाच हजारांचा निर्णय लांबला तरी हरकत नाही. मोफत साधनावर पहिले स्तवन याच आठवड्यात टिपले जावे, आणि त्याच्या सुरुवातीला आजीने आपले नाव, गाव आणि ते स्तवन कोणाकडून शिकले, एवढे आवर्जून सांगावे.