पुरून ठेवलेली रक्कम

मत्तयाच्या शुभवर्तमानातला रुपयांचा दृष्टांत ख्रिस्ती माणसाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेला असतो, की त्यातल्या तिसऱ्या चाकराला आपण गोष्ट संपायच्या आतच दोषी ठरवून मोकळे होतो. धनी परदेशी जाताना एकाला पाच हजार, दुसऱ्याला दोन हजार आणि तिसऱ्याला एक हजार देतो. पहिले दोघं व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पैसे पुरून ठेवतो. उपदेशांमध्ये याचा अर्थ बहुधा आळसापाशी येऊन थांबतो, आणि धनी त्याला आळशी म्हणतो हेही खरं. पण त्या माणसाने केलं काय, ते नीट पाहायला हवं. त्याने पैसे उडवले नाहीत, खाल्ले नाहीत. दुसऱ्याची ठेव जमिनीत पुरून ठेवणं हा जुन्या यहुदी समाजात ती सांभाळण्याचा खात्रीचा मार्ग मानला जाई. रक्कम त्याने जशीच्या तशी परत आणून दिली. मग बिघडलं कुठे? ते त्याच्या स्वतःच्याच कैफियतीत आहे. धनी कठोर आहे हे आपल्याला ठाऊक होतं आणि म्हणून आपण भ्यालो, असं तो सांगतो. खड्डा खणण्याआधी त्याने धन्याविषयी एक मत करून घेतलं होतं, आणि हा सगळा दृष्टांत मला त्या मताविषयीचा वाटतो. माणूस श्रद्धेपोटी किती जोखीम पत्करतो, हे त्याच्या हिमतीपेक्षाही आपला देव कसा आहे असं तो मनात धरून चालतो, यावर ठरतं. चुकलेल्या हिशेबासाठी टपून बसलेला देव मानला, की काहीच न करणं हा सगळ्यात शहाणा मार्ग ठरतो. आपल्यावर विश्वास टाकून निघून जाणारा देव मानला, तर हात आखडून बसणं हाच त्याचा अवमान होतो.

याच्या उलट बाजूलाही एक चूक आहे आणि ती धाडसाच्या रूपात येते. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सांगतो, देवदूत झेलतील अशी हमी शास्त्रातूनच देतो, आणि येशू नकार देतो. जी जोखीम कोणाच्याही कामाची नाही, फक्त देव आपल्याला वाचवतो की नाही हे पाहण्यासाठी घेतलेली आहे, ती श्रद्धा नाही. श्रद्धेच्या नावाने औषध नाकारणारे, किंवा मोठं दान टाका म्हणजे दुप्पट मिळेल असं व्यासपीठावरून सांगणारे, त्या शिखरावरच उभे असतात. त्यांचा देव विमा कंपनीसारखा आहे. हप्ता भरला की भरपाई मिळालीच पाहिजे. तिसऱ्या चाकराचा देव आणि हा देव वरवर वेगळे दिसतात, पण दोघांशीही नातं व्यवहाराचंच आहे. श्रद्धेपोटी घेतलेली जोखीम आणि देवाची परीक्षा पाहणारं धाडस यांतला फरक सुरुवातीच्या मंडळीला चांगला कळत होता. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरात वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ठार मारलं गेलं, त्याची हकीकत तिथल्या मंडळीने एका पत्रात लिहून ठेवली आहे. त्यात क्विंतुस नावाचा एक माणूस येतो. तो आपणहून अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला, इतरांनाही त्याने भरीस घातलं, आणि श्वापदं समोर दिसताच घाबरून रोमी दैवतांना अर्पण करून मोकळा झाला. पत्र लिहिणारे स्पष्टच म्हणतात की असं आपण होऊन स्वाधीन होणं आम्हाला मान्य नाही. खुद्द पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर एका मळ्यावर जाऊन राहिले होते. शोधणारे दारात आले तेव्हा मात्र ते पुढे पळाले नाहीत. खाली येऊन त्यांनी त्या लोकांना आधी जेवू घालायला सांगितलं आणि स्वतःसाठी प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला. संकट शोधत जायचं नाही, आणि ते आपल्या वाटेत उभं राहिलं तर वाट सोडायची नाही, हे इतकं साधं धोरण पाळायला फार मोठी श्रद्धा लागते.

आपल्याकडे अशा श्रद्धेचा सगळ्यात भक्कम पुरावा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे, आणि तो बहुतेक लोक जिथे शोधतात तिथे नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी जोखीम, असं सहसा मानलं जातं. पुण्यातल्या सुधारकांचा आधार त्या एका दिवसात ढासळला, हे खरं. पण धर्मांतर ही एकदाच मारलेली उडी असती, तर पलीकडच्या काठावर त्यांना निवांत बसता आलं असतं. वाँटेजच्या ज्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला, मुलीला सांभाळलं, त्यांच्याशीच त्या धर्मसिद्धान्तांवर वाद घालत राहिल्या. मी ख्रिस्ताचं ऐकेन, पण तुमच्या मंडळीचं प्रत्येक म्हणणं डोळे झाकून स्वीकारणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. परक्या देशात, हाती पैसा नसताना, ज्यांच्या घरी जेवतो त्यांच्याशी असं बोलणं सोपं नसतं. पुढे 1897 साली पुण्यात प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्यांबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, टीका करणारी बाई ख्रिस्ती होती, आणि त्यांच्या संस्थेला देणग्या येत होत्या त्याही ख्रिस्ती देशांतून. श्रद्धा ज्या गोटात घेऊन जाते, त्या गोटाच्या मर्जीचीही तमा न बाळगणं, ही जोखीम धर्मांतरापेक्षा कमी बोलली जाते. मला ती अधिक मोलाची वाटते.

आणि मग दुष्काळ. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा, बेवारस बायका अशा सुमारे 300 जणींना त्यांनी आपल्या पंखाखाली घेतलं. त्यांना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. 1870च्या दशकातल्या दक्षिणेकडच्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने भांडीकुंडी, कपडे विकून खाल्ले होते, तिरुपतीजवळच्या जंगलात अकरा दिवस पाला आणि पाण्यावर काढले होते, आणि आई-वडील व बहीण एकामागोमाग एक गेली होती. पुण्यात प्लेग होता; त्यांच्या शारदा सदन या शाळेच्या आवारात एवढी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा पुणे आणि दौंडच्या मधल्या केडगावच्या माळावर तंबू आणि कच्च्या शेड उभारून त्यांनी या मुलींना ठेवलं. तिथून ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. 1900 सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या मुलींचा वेगळा वर्ग, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. यातल्या प्रत्येक मुलीबरोबर आजार आत येण्याचा धोका येत होता आणि उद्याच्या धान्याचा प्रश्नही. तिसऱ्या चाकराच्या बुद्धीने पाहिलं तर पुण्यातलं चालू असलेलं शारदा सदन जपणं, आहेत त्या विद्यार्थिनींना नीट शिकवणं, एवढंच करायला हवं होतं, आणि त्यासाठी त्यांना कोणी नावंही ठेवली नसती.

हे सगळं देवावर भार टाकून डोळे मिटून केलेलं होतं, असा आक्षेप घेता येईल. पण तो कागदोपत्री टिकत नाही. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांची, आणि 1898 मध्ये ती मुदत भरणार होती. हे ओळखून रमाबाईंनी आधीच केडगावला जमीन घेतली होती, विहिरी खणल्या होत्या, फळझाडं लावली होती, म्हणजे उत्पन्नाचा एक झरा हाताशी राहील. दुष्काळातल्या मुलींना त्याच जमिनीवर जागा झाली. लूकच्या शुभवर्तमानात येशू बुरूज बांधणाऱ्याचं उदाहरण देतो आणि आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला सांगतो. तो सल्ला शिष्यत्वाची किंमत सांगतानाच आलेला आहे हे आपण विसरतो. हिशेब मांडायचा तो किंमत टाळण्यासाठी नाही, ती आपल्याला पुरती कळावी म्हणून.

यापेक्षा फार अवघड आक्षेप दुसरा आहे. जोखीम एक जण घेतो आणि तिची झळ भलत्यालाच लागते. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं आश्वासन होतं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क मी पूर्णपणे मान्य करतो. तरी, विश्वासाने मुलगी सोपवणाऱ्या पालकांचं म्हणणं निव्वळ कर्मठपणाचं होतं असं मला म्हणवत नाही. आणि शिक्षण तुटलं ते त्या मुलींचं. याहून जवळचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा निर्णय त्यांचा होता आणि उद्ध्वस्त झालं ते लक्ष्मीबाईंचं घर. लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहणं, लोकांचे शब्द, जिवंत नवऱ्यापासूनची ताटातूट, हे त्यांच्या वाट्याला आलं. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते कुठेही गोड करून सांगितलेलं नाही. या दुःखाचं पुढे चांगलंच झालं, त्या स्वतः 1900 साली ख्रिस्ती झाल्या, असं म्हणून टिळकांना मोकळं करणं मला अन्यायाचं वाटतं. शेवट चांगला झाला म्हणून मधली वर्षं फिटत नाहीत. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या विचाराने तिथे पोचल्या, याचं श्रेय त्यांचं आहे.

मग श्रद्धेपायी जोखीम घेऊच नये का? माझं उत्तर असं आहे की इथेही देवाविषयीचं मतच कसोटीला लागतं. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी असलेला क्रूस स्वतःच्या देहावर घेतलेला आहे, दुसऱ्याच्या नाही. त्यामुळे माझ्या धाडसाची किंमत माझ्या बायकोने, मुलांनी, माझ्यावर विसंबलेल्या माणसांनी भरायची असेल, तर त्यांना विचारणं, थांबणं, त्यांचा नकार ऐकून घेणं हा त्या श्रद्धेचाच भाग आहे. सगळी झळ कधीच आपल्यापुरती ठेवता येत नाही, हेही मला दिसतं. टिळकांनी थांबावं तरी किती वर्षं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण जो मनुष्य हा प्रश्न स्वतःला विचारतच नाही, त्याच्या धाडसाला मी श्रद्धा म्हणायला कचरतो.

टिळकांनी आणखी एक जोखीम घेतली, आणि ती मला नेहमी दृष्टांताकडे परत नेते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येता यावं, अशी ती कल्पना होती. परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर, या मातीतला, भजन-कीर्तनाच्या वळणाचा ख्रिस्ती धर्म त्यांना हवा होता. 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. दृष्टांतात व्यापार करणारे दोघेही नफ्यात येतात. ज्याने पैसे लावले आणि गमावले असा चाकर त्यात नाही. तो आला असता तर धन्याने काय केलं असतं? पहिल्या दोघांना मिळालेली शाबासकी शब्दशः एकच आहे, पाच हजार मिळवणाऱ्याला दोन हजारवाल्यापेक्षा एक शब्दही जास्त नाही. यावरून मी असं समजतो की तो धनी नफ्याची रक्कम पाहत नव्हता. दरबार मोडला हे टिळकांविरुद्धचं प्रमाण मानायला मी तयार नाही.

आज महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात अशी जोखीम घेण्याला एक मोठा आक्षेप ऐकू येतो, आणि तो भित्रेपणातून येतो असं मी म्हणणार नाही. आपण मूठभर आहोत, शाळा-दवाखाने चालवायचे आहेत, कब्रस्तानाची जागा टिकवायची आहे. उगीच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? संस्था सांभाळणाऱ्यांवर हे ओझं खरोखरच असतं. पण वसईत 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून उभे राहिले, तेव्हा प्रश्न ख्रिस्ती लोकांपुरता नव्हता. बागायती जमिनी, विहिरींचं पाणी आणि त्यावर चालून आलेली दांडगाई, हा सगळ्या वसईचा प्रश्न होता. धर्मगुरूने जमिनीच्या भानगडीत का पडावं, असं विचारलं गेलं. ते पडले म्हणूनच मूठभरांचा समाज सर्वांच्या लढ्यात सामील झाला. पुढे 2020 मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाबरोबर उभा राहिलेला पाठिंबा चर्चच्या आवारापुरता नव्हता. गप्प राहिल्याने समाज सुरक्षित राहतो, हे गृहीतकच मला तपासून पाहण्यासारखं वाटतं.

तरीही कोणी म्हणेल, रमाबाई आणि दिब्रिटो ही मोठी माणसं. घराचे हप्ते फेडणाऱ्या, आईवडिलांची औषधं आणणाऱ्या माणसाने काय करावं? प्रेषितांच्या कृत्यांत दिमिष्क शहरातला हनन्या नावाचा एक शिष्य येतो. तो प्रेषित नव्हता, कोणी पुढारी नव्हता. शौलाला भेटायला जा, असं त्याला सांगण्यात आलं. आणि शौल हा त्याच्यासारख्यांना पकडून नेण्यासाठीच त्या शहराकडे निघालेला माणूस. हनन्याने आधी आक्षेप घेतला, भीती स्पष्ट बोलून दाखवली. मग तो नीट नावाच्या रस्त्यावरच्या घरी गेला, आंधळ्या झालेल्या त्या शत्रूवर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणाला. घरदार सोडण्याची गरज पडली नाही. जोखीम होती ती गावातल्या गावात एका घरापर्यंत चालत जाण्याची. तुरुंगातून सुटलेल्याला कामावर ठेवणं, जातीबाहेर लग्न केल्यामुळे घराबाहेर काढलेल्या जोडप्याला खोली भाड्याने देणं, ऑफिसात खोट्या बिलावर सही न करणं, मंडळीच्या सभेत हिशेबाबद्दल सगळे टाळत असलेला प्रश्न पाळकांसमोर विचारणं: हप्ते फेडणाऱ्या माणसाच्या आवाक्यातली घरं ही आहेत, आणि तिथे जाताना वाटणारी भीती हनन्यासारखी मोठ्याने बोलून दाखवायलाही काही हरकत नाही.