थापलेल्या भाकरीचं यमक

भाकर आणि कविता यांची सोयरीक महाराष्ट्रात जात्यावरच जुळली. पहाटे दळताना बायकांनी गायलेल्या ओव्यांत भाऊ, लेक, सासर, माहेर असं सगळं घर यायचं, आणि चरणाचरणाला यमक. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढं गावोगाव गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. तेच घर आणि तेच पीठ आता लहानग्यांच्या यमकदार चित्रपुस्तकात आणायचं ठरलं, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांसाठी त्याची पानं कशी रंगवावी लागतील?

पहिलं पान वरोरा-राजुऱ्याकडच्या काळ्या मातीचं. तिथं ज्वारी. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. उकळतं पाणी घातलं की पिठाला चिकटपणा येतो, पण पोळीसारखं लाटायला गेलं तर ते फाटतं. म्हणून माय भाकर हातानं थापते. थप, थप, थप. कवीला ठेका आयताच मिळाला.

पूर्वेकडं सरकलं की चित्रच पालटतं.

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, धानाच्या बांध्यांचा मुलूख. ताटात मुख्य मान भाताचा, भाकर मागून येणार. या पानावर एक आजोबा हवेतच: नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 साली पटेल-3 धानात त्यांना काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, बी जपलं, वर्षानुवर्षं पेरून पाहिलं. त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांचा तांदूळ मात्र दूरदूरच्या घरांत शिजतो. लहान मुलांना सांगायला याहून सरस गोष्ट शोधूनही सापडायची नाही, आणि ‘लोंबी’ला ‘ओंबी’ जोडीला उभीच आहे.

तिसरं पान भामरागड-एटापल्लीच्या रानातलं. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा पडतो. टोपल्या घेऊन माय, आजी, पोरं सगळी वेचायला निघतात. फुलं वाळवून ठेवली की पुढं कितीतरी दिवस पोटाला आधार. इथं चुलीवर तवा दिसेलच असं नाही. मडक्यात आंबील असेल. म्हणजे पुस्तकाचं नाव भाकरीचं असलं, तरी या पानावर भाकर नसली तर बिघडत नाही. पंगत असली म्हणजे झालं.

मराठीत घर चितारणारी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचातली आई, आजी, काका मंडळी मुलांना आपलीच वाटतात. पण ते घर शहरातलं. माडिया किंवा गोंडी बोलत शाळेत येणाऱ्या पोराला त्यात आपली चूल दिसत नाही.

ती दिसण्यासाठी मोठ्या छापखान्याची वाट पाहायला नको. ‘प्रथम बुक्स’नं 2015 साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर कुणालाही चित्रकथा रचता येते, आपल्या बोलीत आणता येते, फुकट वाचता येते. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या गुरुजी-बाईंनी यंदा नवा धान घरात आला की एवढं करावं: प्रत्येक पोराला आपल्या चुलीचं चित्र काढायला सांगावं, आणि खालच्या दोन ओळी आजीला विचारून लिहायला सांगाव्यात.