चेण्यातले अकरा सेकंद

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होतं : थ्रिलरची दोन मिनिटांची ओपनिंग करायची, मग वर्गासमोर स्वतःच तिची चिरफाड करायची. लोकेशन? अर्थात घोडबंदर रोडवरचं चेणे! नॅशनल पार्कचं जंगल, नदी आणि फुकटात अंधार. मुखवटा, सुरी, टोमॅटो केचप... आम्ही सगळंच कोंबलं. वर्ग खो-खो हसला. हिचकॉकने ‘सायको’त (१९६०) बाथरूमच्या सीनसाठी जवळजवळ पाऊण तास थांबवलं होतं, सर म्हणाले, तुम्ही पहिल्याच मिनिटाला सुरी काढलीत.

मग एडिटिंगमध्ये चुकून राहिलेला शॉट आला. पॅक-अपनंतर कॅमेरा बंद करायचा राहिला होता. आमची हिरोईन पाठमोरी, फोन कानाला लावून रिक्षा शोधायला निघालीये. एक बाइक तिच्याजवळ स्लो होते. मग निघून जाते. बस्स, अकरा सेकंद. वर्ग चिडीचूप!

“काय सही ॲक्टिंग गं!” मी म्हटलं.

“ॲक्टिंग कसली? फोन बंद होता. रोज घरी जाताना असाच कानाला लावते.”

मूल्यमापनाच्या कागदावर ‘काय जमलं?’ असा रकाना होता. तिथे आम्ही तो शॉट लिहिला. त्या अंधारात तिला एकटीला रिक्षा आणायला कुणी पाठवलं, हे कागदावर कुठेच विचारलेलं नव्हतं.